जर्नलवरची सही

परीक्षाकामावरील बहिष्कार हा संपाहून वेगळा असतो. संपात सगळेच काम थांबते, तर बहिष्कारात प्राध्यापक तास घेतो, हजेरी घेतो आणि प्रश्नपत्रिका काढणे, पर्यवेक्षण करणे व उत्तरपत्रिका तपासणे एवढेच नाकारतो. महाराष्ट्रातील प्राध्यापक संघटनांच्या ‘एमफुक्टो’ या महासंघाचा असा बहिष्कार ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ असा ९६ दिवस चालला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी ही एक मागणी होती. दुसरी, १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट, म्हणजे अध्यापकपदासाठीची राष्ट्रीय वा राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, उत्तीर्ण न होता नेमल्या गेलेल्यांच्या सेवेविषयीची होती. प्रस्तुत लेखिका तेव्हा एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होती. सेट झाल्यावरच नेमणूक झाल्याने दुसऱ्या मागणीशी तिचा स्वतःचा संबंध नव्हता, तरी बहिष्कारात ती होती.

अध्यापन आणि परीक्षा यांच्यातली बहिष्काराच्या परिपत्रकात सरळ दिसणारी रेषा प्रयोगशाळेत मात्र पुसट होत असे. जर्नल, म्हणजे वर्षभराच्या प्रयोगांची नोंदवही, प्रयोगागणिक तपासणे हे अध्यापन झाले. परंतु वर्षाअखेरीस त्याच वहीच्या पहिल्या पानावरील प्रमाणपत्रावर शिक्षकाची सही नसेल तर विद्यार्थ्याला प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, आणि म्हणून ती सही परीक्षाकामात मोडते की काय, यावर सहकाऱ्यांचे एकमत होईना. लेखिकेने सह्या केल्या. काहींनी त्याला कच खाणे म्हटले, आणि (हे मान्य करायला हवे) तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता, कारण अशा प्रत्येक सवलतीने बहिष्काराची धार बोथट होतेच.

तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षा कधी होईल हे सांगणे कोणाच्याच हातात नव्हते, म्हणून लेखिकेने अंदाज देण्याचे टाळले आणि दुपारच्या रिकाम्या वेळात उजळणीचे तास ठेवले. गावाहून येऊन खोली घेऊन राहणाऱ्यांची अडचण त्याने सुटली नाही; तारीख लांबणे म्हणजे त्यांच्यासाठी आणखी एका महिन्याचे भाडे आणि खाणावळीचे बिल होते, आणि मागण्या न्याय्य असल्या तरी तो भुर्दंड त्यांनी का सोसावा, या त्यांच्या प्रश्नावर स्टाफरूममध्ये ऐकू येणारी उत्तरे लेखिकेला त्यांच्यासमोर उच्चारता आली नाहीत.

पुढे शासनाने बहिष्कारातील प्राध्यापकांचे ७१ दिवसांचे वेतन रोखले. त्याच दिवसांच्या हजेरीपटांत लेखिकेने घेतलेल्या तासांच्या नोंदी होत्या.