जळालेल्या वडाला पाणी

बालमित्रांनो, वडाचं झाड तुमच्या ओळखीचंच. पारंब्यांना लोंबकळून तुम्ही झोकेही घेतले असतील. असाच एक वड दूर प्रशांत महासागरात, हवाई बेटांपैकी माऊई बेटावरच्या लहायना गावात आहे. 1873 साली तो लावला, तेव्हा होता जेमतेम 8 फुटांचा. आणि गंमत म्हणजे, ते रोप आपल्या भारतातून नेलेलं! पुढे पारंब्या रुजत गेल्या आणि एका वडाची 46 खोडं झाली.

8 ऑगस्ट 2023 रोजी या गावात वणवा शिरला. उसाची शेती बंद पडल्यावर ओसाड रानात गवत माजलं होतं, ते वाळून गेलेलं. त्यात सोसाट्याचा वारा. शंभरावर माणसं दगावली. 2,000 हून जास्त इमारती जळाल्या, त्यांत मुलांची प्राथमिक शाळाही होती. वडही करपला. पण मुळांत जीव असेल, अशी झाडांच्या जाणकारांना आशा होती. त्यांनी त्याला पाणी घातलं, बुंध्याभोवती खत पसरलं. सप्टेंबरात हिरवी पानं फुटली! काही भाग मात्र वाळलाच. तो कापावा लागला.

हे वर्गात सांगितलं, तेव्हा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, माणसं संकटात असताना झाडाला कशाला पाणी घालायचं?"

प्रश्न अगदी रास्त. माणसांकडे दुर्लक्ष करून कुणी झाडाकडे धावलं नव्हतं. आचाऱ्यांनी एका महाविद्यालयाच्या स्वयंपाकघरात जेवण रांधलं. बेघर झालेल्यांना हॉटेलांत खोल्या मिळाल्या. मुलं आधी दुसऱ्या शाळेत बसली आणि एप्रिल 2024 मध्ये त्यांच्यासाठी तात्पुरती शाळा उभी राहिली. पण ज्यांचं घर गेलं, अंगण गेलं, त्यांना 'आपलं गाव' म्हणून दाखवायला काहीतरी उरायला हवं ना? तो वड त्यांच्यासाठी तेच होता.

मुलांनो, आग कुठेही लागू शकते. आपल्याकडे एखादी वाडी जळते, कुणाची झोपडी जळते. पहिल्या आठवड्यात सगळेच धावतात. कपड्यांचे ढीग लागतात, पण अंगाला येईल असा शाळेचा गणवेश त्यात नसतो. म्हणून आधी विचारा, "तुला काय हवंय?" वह्या उतरवून द्या. डब्यातली अर्धी पोळी द्या. तो गप्प बसला, तर आगीबद्दल खोदून विचारू नका. खेळायला मात्र रोज हाक मारा.

आणि पालकहो, दोन-तीन महिन्यांनी त्या घरी पुन्हा एकदा जाऊन या. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, पण छप्पर घालायचं बाकी असतं, कागदपत्रांसाठी खेटे चालूच असतात. जाताना मुलांना बरोबर न्या. पाणी घालत राहावं लागतं, हे त्यांना तिथेच कळेल.