गोधडीवरून चालत

नोकरी गेल्याच्या तेविसाव्या दिवशी मी युटातल्या ब्राइस कॅन्यनमध्ये उतरलो. एच-वन-बीवाल्यांना नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्यातले चार मी या रोड ट्रिपवर उधळत होतो. बुटांना मायक्रोस्पाइक्स लावून बर्फावरून खाली गेलो. भोवती लालकेशरी सुळके. फटीत शिरलेलं पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि खडक फोडतं. त्यातूनच हे घडलेत.

मुक्काम जवळच्या पँग्विच गावात होता. 1864 च्या हिवाळ्यात इथल्या नव्या वस्तीतलं धान्य संपत आलं. पीठ आणायला सात जण डोंगरापलीकडच्या पॅरोवानला निघाले आणि बर्फात रुतायला लागले. प्रार्थनेसाठी अंथरलेली गोधडी मात्र रुतेना, असं गावात सांगतात. मग अंथरायची, चालायचं, मागची उचलून पुढे टाकायची. असे ते पोचले आणि पीठ घेऊन परतले.

रात्री आईचा फोन आला. तिला मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"थंडी असेल ना रे? आजीची गोधडी घेतलीयेस का?"

अंगावर तीच होती.

"आई, नोकरी गेलीय माझी."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं. जेवलास का?"