हजर होण्याआधीची नोकरी

सैनिकाच्या आयुष्यातले दोनच प्रवास आपल्या लक्षात राहतात. एक भरतीनंतरचा पहिला, आणि दुसरा तिरंग्यात गुंडाळलेला शेवटचा. पहिल्याला गाव वेशीपर्यंत येतं, शेवटच्याला सगळा तालुका लोटतो. या दोन्हींच्या मध्ये पंधरा-वीस वर्षांची नोकरी असते, आणि त्या नोकरीत दर वर्षी सुट्टी संपवून परत जाण्याचा एक प्रवास असतो, कधी दोन-तीनही. भूदलातल्या नियमित सेवेतल्या जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळू शकते. ती तुकड्यातुकड्यांनी घेतली जाते, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ट्रंक पुन्हा भरावी लागते. म्हणजे जवानाच्या घरातले बहुतेक निरोप हे या परतीचेच असतात. तरीही त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण सुट्टी संपली आणि नोकरी अजून सुरू व्हायची आहे, अशा मोकळ्या वेळात आपण ते दिवस टाकून देतो. माझं म्हणणं असं की ही विभागणीच चूक आहे. ठाण्यावर पोचण्याआधीची ही वाट नोकरीचाच भाग आहे, आणि कित्येकदा तिचा सर्वांत अवघड भाग आहे.

कायद्यानं हे कधीच ओळखलेलं आहे. १९५० च्या सेना अधिनियमातल्या ३९ व्या कलमानुसार पुरेशा कारणाशिवाय रजेपेक्षा जास्त दिवस बाहेर राहणं हा गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. रजेवर असताना आपली पलटण प्रत्यक्ष मोहिमेवर निघाल्याचं कळलं आणि तरीही विनाकारण उशीर केला, तर तोही त्याच कलमाखाली येतो. घराचा उंबरठा ओलांडताना जवान मोकळा माणूस नसतो. त्याच्या डोक्यावर एक तारीख असते. त्या तारखेच्या आत त्यानं काय काय पार करायचं असतं ते पाहा. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या गावातून निघालेला माणूस पुण्याला येतो आणि झेलम एक्सप्रेसनं दोन हजारांहून जास्त किलोमीटर कापून जम्मूला उतरतो. तिथं ट्रान्झिट कॅम्प. वेगवेगळ्या पलटणींचे, वेगवेगळ्या भाषांचे लोक एका छपराखाली, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: गाडी कधी सुटणार? पुढचा रस्ता जवानाच्या इच्छेनं सुरू होत नाही. रामबनच्या बाजूला दरड कोसळली की तो बंद, बर्फ पडलं की बंद. सुटला तर कॉन्व्हॉयनं, ठरलेल्या वेळी, रस्ता तपासणाऱ्या तुकडीनं हिरवा कंदील दिल्यावर. श्रीनगरपुढे लडाखला जायचं असेल तर साडेअकरा हजार फुटांवरचा झोजीला आहे. या दिवसांत जवानाची गाठ आपल्या पलटणीशी पडलेली नसते, त्याला ओळखणारा हवालदार जवळ नसतो, हाताशी नेहमीचं काम नसतं. मन मात्र घरात ठेवून आलेल्या गोष्टींत असतं: आईचं दुखणं, वाटणीचा दावा, नुकतं चालायला लागलेलं मूल.

शरीराचंही तसंच आहे, आणि इथं पुरावा मनाच्या बाबतीपेक्षा अधिक सरळ आहे. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास मैदानी मुलखातले जवान घाईघाईनं उंचावर नेले गेले, तेव्हा विरळ हवा माणसाला कशी मारते याचा अनुभव आपल्या लष्करानं घेतला. फुप्फुसांत पाणी भरून धडधाकट तरुण दगावत होते. त्यानंतर भारतीय लष्करी डॉक्टरांनी यावर जे काम केलं, ते जगभरच्या वैद्यकानं दखल घ्यावी असं होतं. आजची पद्धत त्यातून आलेली आहे. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, त्यातले पहिले दोन पूर्ण विश्रांतीचे. मग पंधरा हजारांपर्यंत चार दिवस. त्याहून वर जायचं तर आणखी चार. इथं लक्षात घ्यायची गोष्ट अशी की सुट्टीमुळे हे कमावलेलं सारं पुसलं जातं. काही आठवडे खाली राहून आलेल्या माणसाला ही उजळणी पुन्हा करावी लागते, मग त्यानं आधी सियाचिनवर अख्खा हिवाळा काढलेला का असेना. इतकंच नाही, उंचीची सवय असलेला माणूस खाली राहून घाईनं वर गेला तर त्यालाही फुप्फुसांचा तोच विकार होऊ शकतो, हे डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे. जुन्या अनुभवाचा भरवसा इथं घातक ठरतो. सियाचिनवर १९८४ पासून आपण जितकी माणसं गमावली, त्यातली बहुतेक गोळीनं नाही, थंडीनं, उंचीनं आणि हिमकड्यांनी नेली. अशा ठिकाणी परतीच्या वाटेवरचे ते दहा-चौदा दिवस मोकळे म्हणणं म्हणजे श्वास घेण्याला काम न मानण्यासारखं आहे.

याहून कठोर पुरावा १४ फेब्रुवारी २०१९ चा आहे. बर्फामुळे जम्मू-श्रीनगर रस्ता काही दिवस बंद होता. जम्मूत केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान साचत गेले, त्यातले कित्येक सुट्टी संपवून परतणारे. रस्ता खुला झाल्यावर अडीच हजारांहून जास्त जवान ७८ गाड्यांच्या ताफ्यातून पहाटे निघाले. पुलवामा जिल्ह्यात लेथपोऱ्याजवळ स्फोटकांनी भरलेली मोटार एका बसवर आदळली आणि चाळीस जण गेले. त्यांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते. ते कुठल्याही चकमकीत नव्हते, कुठल्याही ठाण्यावर पहाऱ्याला नव्हते. ते हजर व्हायला चालले होते. आठवड्याभरात गृह मंत्रालयानं केंद्रीय सशस्त्र दलांच्या शिपाई, हवालदार अशा खालच्या हुद्द्यांनाही दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर मार्गावर विमानप्रवास मंजूर केला, कामावरच्या प्रवासासाठी आणि सुट्टीसाठीही. सुमारे ७ लाख ८० हजार जवानांना त्याचा लाभ होणार होता. निर्णय योग्य होता. पण त्याचा अर्थ असाही होतो की सुट्टीचा प्रवास हा जवानाचा खासगी मामला नाही, हे सरकारनं मान्य केलं. ते मान्य व्हायला चाळीस माणसं जावी लागली, ही खंत उरतेच.

अशा वाटेवर आणखी एक जबाबदारी असते, जिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. ती म्हणजे परदेशी अधिकाऱ्यांना सोबत घेऊन जाण्याची. काश्मीरमध्ये १९४९ पासून संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक आहेत. निरनिराळ्या देशांचे हे अधिकारी निःशस्त्र असतात. त्यांचं मुख्यालय उन्हाळ्यात श्रीनगरला आणि हिवाळ्यात इस्लामाबादला असतं. सिमला करारानंतर या निरीक्षकांचं काम संपलं, अशी भारताची ठाम भूमिका आहे, आणि ती मला पटते. १९७२ च्या जानेवारीपासून आपण त्यांच्याकडे एकही तक्रार नोंदवलेली नाही, त्यांच्या हालचालींवर बंधनंही आहेत. तरी त्यांची राहण्याची आणि वाहनांची सोय आपलं लष्करच करतं. म्हणजे ज्या पाहुण्याचं येणं आपल्या देशाला मान्य नाही, त्यालाही सुखरूप नेऊन आणणं हे आपल्याच सैनिकाचं काम. या कामात शौर्य दाखवायला जागा नसते. वाद घालायला तर नसतेच. समोरचा अधिकारी वरच्या हुद्द्याचा, पण आपला वरिष्ठ नाही. त्याचा हुकूम मानायचा नाही, पण त्याचा मान मात्र राखायचा. त्याच्यासमोर रस्त्यात काय बोलायचं, काय दाखवायचं, कुठं गाडी थांबवायची नाही, हे सगळं त्या एका शिपायाच्या नाहीतर नायकाच्या समजुतीवर येऊन पडतं.

हे किती भारी ठरू शकतं ते कोरियात दिसलं. २७ जुलै १९५३ ला तिथं युद्धविराम झाला, पण मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचं काय करायचं हा पेच उरला. त्यांचा ताबा भारतीय फौजेकडे आला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि ताबा घेणाऱ्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकाचा पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही असं जाहीर केलं. तेव्हा मद्रासहून समुद्रमार्गे गेलेले आपले जवान इंचॉनच्या किनाऱ्याबाहेर जहाजांवरून हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथं २२ हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी होते. कैद्यांना घरी परत या असं समजवायला त्यांच्याच देशांचे अधिकारी येत, आणि कैदी त्यांच्या अंगावर धावून जात. या दोघांच्या मध्ये भारतीय जवान उभा. त्याला दोघांचीही भाषा येत नव्हती, दोघांच्याही भांडणाशी त्याचा संबंध नव्हता, आणि दोघांनाही जिवंत ठेवणं हे त्याचं काम होतं. संयम प्रत्येक वेळी टिकला असं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. हे झाकण्यात अर्थ नाही. पण जिथं दोन्ही बाजू पेटायला टेकल्या होत्या, तिथं जानेवारी १९५४ पर्यंत हे काम तडीला गेलं. फेब्रुवारीत फौज परतली तेव्हा दोन्हींपैकी कुठंच जायला तयार नसलेले ८० हून अधिक कैदीही तिच्याबरोबर भारतात आले. परततानाही त्या जवानांना परक्यांची सोबत होतीच.

हे सगळे प्रसंग मी एकत्र मांडतो, कारण त्यांच्यात एक धागा आहे. परतणारा जवान आणि परदेशी अधिकाऱ्याला सांभाळून नेणारा जवान, दोघंही ठाण्याच्या भिंतींबाहेर असतात. दोघांच्याही हातात हत्यार असलं तरी ते वापरावं लागू नये, हेच त्यांच्या कामाचं यश. आणि हे दोन्ही एकाच माणसावर आले, म्हणजे दोन दिवसांपूर्वी घरच्यांचा निरोप घेतलेल्या माणसाला परक्या अधिकाऱ्यांबरोबर पुढचा लांबचा पल्ला गाठायला सांगितलं, तर त्याच्यावर काय येतं याचा विचार करा. त्याला आपली ओढ आवरून पाहुण्याची विचारपूस करायची असते. स्वतःचा देश, स्वतःची पलटण आणि स्वतःचं घर, तिन्ही त्याला एकट्यानं सांभाळायची असतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की परतीचं दुःख काही एकट्या सैनिकाचं नाही. कोकणातला चाकरमानी गणपती विसर्जन करून मुंबईची गाडी धरतो, बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीनंतर मुलाबाळांसह बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरमध्ये बसतो, आखातातला मजूर दोन-दोन वर्षं घर पाहत नाही. आक्षेप खरा आहे, आणि त्यांची वाटही अजून नीट लिहिली गेलेली नाही. पण फरक आहे. ऊसतोड कामगाराला उशीर झाला तर उचल आणि मुकादम त्याला पिळतात, आणि तो अन्याय आहे. सैनिकाला उशीर झाला तर कायदा त्याला गुन्हेगार ठरवू शकतो. आणि मजुराच्या वाटेवर त्याला मारण्यासाठी कुणी दबा धरून बसलेलं नसतं.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असेल: परदेशी अधिकाऱ्यांची सोबत म्हणजे शिष्टाचाराचं काम, त्याला लढाईच्या पंगतीला कशाला बसवता? याला उत्तर दक्षिण सुदानात आहे. ९ एप्रिल २०१३ ला जोंगलेई प्रांतात गुमुरुकजवळ संयुक्त राष्ट्रांच्या एका ताफ्यावर हल्ला झाला. त्याच्या संरक्षणाला असलेले पाच भारतीय सैनिक मारले गेले, त्यांत एक लेफ्टनंट कर्नल. सात नागरी माणसंही गेली. ते सैनिक कुठलीही टेकडी जिंकायला निघाले नव्हते. दुसऱ्याची माणसं एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवत होते. ज्या कामात माणसं मरतात त्याला शिष्टाचार म्हणून बाजूला सारता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सैनिकाच्या प्रत्येक गोष्टीला अशी उंची देत गेलो तर युद्धालाच उंची दिल्यासारखं होईल, असं काही विचारी माणसं म्हणतात. माझा अनुभव वाचनाचा आहे, आणि त्यावरून मला उलट वाटतं. युद्धाचं उदात्तीकरण चकमकीच्या वर्णनानं होतं, रस्त्याच्या वर्णनानं होत नाही. ट्रान्झिट कॅम्पातला चौथा दिवस, डोकेदुखीनं झोप न आलेली लेहची पहिली रात्र, फोनवर आवाज तुटल्यावर पुन्हा न लागलेला नंबर, या गोष्टी वाचून कुणी युद्धाच्या प्रेमात पडणार नाही. ज्यांना युद्धाची खरी किंमत मांडायची आहे, त्यांनी तर ही वाट आधी लिहायला हवी.

आणि ती लिहायला आता फार वेळ उरलेला नाही. महाराष्ट्रात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथं जवळपास प्रत्येक घरात फौजेतला माणूस आहे. तिथल्या स्मारकांवर नावं आहेत, लढायांची नावं आहेत. कोरियाहून १९५४ साली परतलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्या प्रवासाबद्दल विचारायला उशीर झाला. पण १९८४ नंतर सियाचिनला पाळीपाळीनं वर गेलेले, आणि १९९९ साली सुट्टी अर्धी टाकून कारगिलकडे धावलेले जवान आज आपल्या गावांत पेन्शनवर आहेत. आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून परक्या अधिकाऱ्यांबरोबर चिखलातून गाड्या काढलेलेही आहेत. शाळांच्या वार्षिकांनी, जिल्ह्यांच्या दिवाळी अंकांनी, गावाचा इतिहास लिहिणाऱ्या शिक्षकांनी त्यांच्याकडे जावं. लढाईबद्दल त्यांना बरंच विचारून झालं आहे. घरून निघाल्यापासून ठाण्यावर पोचेपर्यंत काय काय झालं, एवढंच विचारा, आणि ते सांगतील तसं उतरवून घ्या.