अठ्ठ्याहत्तर टक्के

13 मे 2025, दुपार. आपाच्या मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामू, ये डिस्टिंक्शन है ना?"

78.40 टक्के. पंचाहत्तरच्या वर म्हणजे विशेष प्राविण्यच. मी म्हटलं, "बेशक!" आणि पेढे आणायला बाहेर पडलो. नांदगाव स्टेशनकडच्या रस्त्यावर तोवर तिघे भेटले. एकाच्या मुलाला 91, दुसऱ्याच्या पुतणीला 88. तिसऱ्याने आमचा आकडा ऐकला आणि म्हणाला, "असू दे, मुलगी हुशार आहे." सांत्वन करतात ना, त्या सुरात.

1994 ला मला 61 टक्के पडले होते. फर्स्ट क्लास! अब्बांनी रेल्वेतल्या सगळ्या सोबत्यांना पेढे वाटले. त्या 61 वर मला आयटीआयला फिटर ट्रेड मिळाला आणि त्यावरच घर चाललंय. मी मधल्या बाकावरचाच होतो. पण 61 म्हणजे काय, हे तेव्हा मलाही कळत होतं, यादी लावणाऱ्यालाही.

आता आकडा फुगलाय. 2010 पासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं. सहावा कच्चा विषय टक्केवारीतून बाहेर. शिवाय शाळेच्या हातातले 20 गुण. 2019 ला भाषा आणि समाजशास्त्रांचे हे गुण काढले, तर राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 वर आला. केवढी ओरड झाली! सीबीएसईची मुलं पुढे जातील, अकरावीला आमच्यांनी काय करायचं? पालकांचं चूक नव्हतं. पुढच्या वर्षी गुण परत आले, निकाल 95.30. मुलं एका वर्षात हुशार झाली नव्हती. 2021 ला तर परीक्षाच झाली नाही आणि 99.95 टक्के पास. 2025 ला शंभरपैकी शंभर टक्के मिळवणारे 211 होते.

भाचीला डिप्लोमा करायचाय, कॉम्प्युटरचा. त्याला सीईटी नसते, यादी दहावीच्या टक्क्यांवर लागते. सरकारी कॉलेजची यादी तिच्या कितीतरी वर बंद झाली. खासगीत जागा आहे, पण फी आपाच्या आवाक्याबाहेरची.

मला मात्र वेगळीच गोष्ट टोचतेय. गुणपत्रिका हातात आली तेव्हा मी गणित बघितलं. 58. सहाव्या विषयात गेलेलं, म्हणून 78 मध्ये दिसतच नाही. त्यातले शाळेचे किती, विचारलं. "सबको 19 मिले मामू." म्हणजे लेखी 80 पैकी 39. आणि ही पोरगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला गणित घेऊन बसणार! दोन वर्षं तिला कुणी बोललं नाही की बेटा, इथे कच्ची आहेस. मीही नाही. टक्के बघून खूश होत होतो.

पहिल्यांदा ती रागावली, मग रडली. आपा माझ्यावर चिडली, "निकालाच्या दिवसात हे कशाला काढलंस?" बरोबर असेल तिचं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाची नववीचं गणिताचं पुस्तक घेऊन ओट्यावर आली. बीजगणितात मीच दोनदा अडकलो, फिटर माणूस.

दुसऱ्या फेरीसाठी तिने इलेक्ट्रिकल भरलंय, परजिल्ह्यातलं सरकारी कॉलेज. आपा म्हणते, आधी हॉस्टेल मिळतंय का बघा, मग बोलू.