गप्पांची खोली : दुपारी तीन ते चार

उतारवयातील आजारांची यादी करावयास बसले, तर मधुमेह, रक्तदाब, संधिवात, मोतीबिंदू ही नावे आपोआप ओळीने येतात. त्या यादीत एक दुखणे मात्र क्वचितच लिहिले जाते, कारण ते नाडीला लागत नाही आणि रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. ते दुखणे म्हणजे बोलायला माणूस नसणे. आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर गेली पंचवीस वर्षे मी रुग्ण तपासते आहे. दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांपैकी कितीतरी जण गुडघ्याचे निमित्त करून येतात आणि अर्धा तास बोलून, गुडघ्याविषयी फारसे न विचारता, समाधानाने परत जातात, हे मी रोज पाहते.

पूर्वी ही गरज गावाचा पार भागवीत असे. आजही सकाळी तो भरतो. परंतु संध्याकाळची बैठक उणावली आहे. डिंभे धरणाचे पाणी कालव्यांनी फिरले, ऊस वाढला आणि उसाच्या दाट फडांत बिबट्या वस्तीला आला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत दिवेलागणीनंतर म्हातारे माणूस एकटे घराबाहेर पडत नाही, आणि पडूही नये. मुले-सुना चाकणच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पाळीवर असतात. मळ्यातल्या घरी उरतात ती दोन वृद्ध माणसे. त्यांतील एक अंथरुणाला खिळलेले असेल, तर दुसरेही घराच्या उंबऱ्याशी जखडले जाते.

हा केवळ मनाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारे जे चौदा घटक सांगितले, त्यांत समाजापासून तुटणे आहे, उपचार न केलेला बहिरेपणा आहे आणि उपचार न केलेले दृष्टिमांद्यही आहे. या तिघांचे नाते आपल्या लक्षात येईल. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलणे टाळतो, दिसत नाही म्हणून घराबाहेर पडणे टाळतो आणि अखेरीस माणसे त्याला टाळू लागतात.

सूचनाफलक आणि पार

कोरोनाच्या काळात आमच्या परिसरातील रुग्णसेवा करणाऱ्या कुटुंबीयांचा एक व्हॉट्सॲप गट तयार झाला. घरच्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्यास मराठीतील स्वमदत गटांनी ‘शुभंकर’ असा सुंदर शब्द रूढ केला आहे आणि रुग्णास ‘शुभार्थी’. आमचा हा शुभंकरांचाच गट. कोणत्या औषधाची गोळी कशी अर्धी करावी, वापरून झालेला वॉकर कोणाकडे पडून आहे, मंचरला कोणत्या दिवशी कोणते तज्ज्ञ येतात, अशी उपयुक्त माहिती त्यावर फिरत असे. त्याबरोबर सूर्योदयाची चित्रे, सुविचार आणि वाढदिवसांची फुलेही फिरत.

एके रात्री साडेअकराच्या सुमारास एका मुलाने त्यावर लिहिले, ‘वडिलांना दुपारपासून लघवी झालेली नाही, पोट फुगलंय, काय करू?’ सकाळी पाच वाजल्यापासून त्या प्रश्नावर ‘शुभ सकाळ’चा थर चढत गेला. दहा वाजेपर्यंत तो कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. सुदैवाने मुलाने तोवर वाट न पाहता पहाटेच वडिलांना रुग्णालयात नेले होते, आणि नळी घातल्यावर त्यांना आराम पडला. दोष कोणाचाच नव्हता. परंतु त्या दिवशी गटातील आम्हा सर्वांना एक गोष्ट स्पष्ट दिसली. एकाच दारातून तीन निरनिराळ्या गरजा आत येत होत्या: तातडीची हाक, माहितीची विचारणा आणि सोबतीची तहान. तीनही एकमेकींच्या पायात येत होत्या.

तातडीला फोन हवा. माहितीला सूचनाफलक हवा, जो सवडीने वाचता येतो आणि पुन्हा शोधता येतो. सोबतीला मात्र पार हवा. पारावर जे बोलले जाते ते त्याच वेळी ऐकणारे कोणीतरी समोर असते, आणि उठून गेल्यावर ते बोलणे तिथे कोरलेले राहत नाही. सूचनाफलकावर लिहिताना माणूस शब्द तोलतो. पारावर तो मन मोकळे करतो. आमच्या गटाला पार नव्हता, म्हणून लोक फलकावरच गप्पा मारत होते.

ही गोष्ट मराठी माणसाने यापूर्वीच ओळखलेली आहे. देशोदेशींच्या मराठी मंडळींना जोडणारे ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. तेथे लेखांची आणि चर्चांची पाने जशी कायम राहतात, तशी गप्पांसाठी ‘वाहती’ पानेही असतात. नवे बोलणे येत राहते आणि जुने वाहून जाते. ‘मिसळपाव’वर त्याच कामासाठी ‘खरडफळा’ आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाने कोरोनाकाळात प्रत्यक्ष सभा थांबल्यावर पडद्यावरच्या सभा भरवल्या, त्यामागेही हीच जाण होती: माहिती पत्रकातून मिळते, परंतु आपल्यासारखाच हात थरथरणारा दुसरा माणूस बोलताना पाहणे ही निराळीच मात्रा असते.

खोली कशी उघडली

आम्ही वेगळे काही विकत घेतले नाही. त्याच मंडळींचा दुसरा गट केला आणि त्याचे नाव ‘ओटा’ ठेवले. व्हॉट्सॲपमध्ये अशी सोय आहे की, केवळ ॲडमिनलाच लिहिता येईल असे ठरविता येते. एरवी ओटा असाच बंद असतो. ठरलेल्या वेळी तो सर्वांसाठी उघडतो आणि तासाभराने पुन्हा बंद होतो. चोवीस तासांनी संदेश आपोआप पुसले जातील, अशीही योजना त्यात आहे. ती आम्ही लावून ठेवली. हेच आमचे वाहते पान.

वेळ कोणती ठेवावी, हे आम्ही शुभंकरांनाच विचारले. माझ्या मनात रात्री आठची वेळ होती. त्यावर एका सुनेने सांगितले, ‘डॉक्टरबाई, संध्याकाळ झाली की सासूबाईंना घर ओळखू येत नाही, माहेरी जायचं म्हणून दाराशी बसतात. तेव्हा मोबाईल कोण हातात घेणार?’ तिचे म्हणणे वैद्यकशास्त्रालाही धरून होते. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते. दुपारी जेवण उरकून रुग्ण डुलकी घेतो, तोच काय तो शुभंकराचा स्वतःचा तास. म्हणून बुधवार आणि रविवार, दुपारी तीन ते चार, ही वेळ ठरली.

पहिल्या दिवशी ओटा उघडला आणि दहा मिनिटे कोणी काहीच लिहिले नाही. मग एका आजोबांनी लिहिले, ‘आहे मी.’ त्याखाली एकामागून एक ‘मीही आहे’ असे येत गेले. त्या दिवशी याहून मोठे संभाषण झाले नाही. परंतु पुढच्या बुधवारी तीनला पाच मिनिटे कमी असतानाच माणसे वाट पाहत बसली होती.

हळूहळू रीत बसली. ज्यांची बोटे थरथरतात किंवा ज्यांना टंकलेखन जमत नाही, ते कळफलकावरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलतात आणि अक्षरे आपोआप उमटतात. ज्यांना ऐकू कमी येते, त्यांना तर हा ओटा पारापेक्षाही सोयीचा ठरला. एका निवृत्त शिक्षकांना दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. लग्नसमारंभातही ते कोपऱ्यात बसत. ओट्यावर मात्र सर्वांत हजरजबाबी तेच आहेत.

जे फलकावर लिहिता आले नसते

एक प्रसंग, संबंधित ताईंच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील गाळून सांगते. त्यांच्या यजमानांना पार्किन्सन्स आहे आणि आता विस्मरणही जडले आहे. एका रविवारी साडेतीन वाजता त्यांनी ओट्यावर लिहिले, ‘आज मी त्यांच्यावर हात उगारला. मारलं नाही. पण उगारला.’

क्षणभर सारे थांबले. मग दुसऱ्या एका बाईंनी लिहिले, ‘मी मागच्या वर्षी ताट आपटलं होतं.’ एका मुलाने लिहिले, ‘मी गोठ्यात जाऊन ओरडतो.’ ‘असे बोलू नका’ असे कोणी म्हटले नाही, उपदेशही केला नाही. अर्ध्या तासात सात जणांनी आपापले सांगितले. त्या ताईंनी शेवटी लिहिले, ‘म्हणजे मी एकटी वाईट नाही.’

संध्याकाळी मी त्यांना फोन केला. यजमान रात्रीतून चार-पाच वेळा उठत, त्यामुळे कित्येक आठवडे त्या सलग तीन तासही झोपल्या नव्हत्या. त्यांचा स्वतःचा रक्तदाब वाढलेला होता आणि गोळ्या संपून महिना झाला होता. गोळ्या पुन्हा सुरू केल्या. यजमानांच्या रात्रीच्या झोपेविषयी त्यांच्या तज्ज्ञांशी बोलून औषधांच्या वेळा बदलून घेतल्या. आणि आठवड्यातून दोन दुपारी त्यांच्या नणंदबाई येऊन बसू लागल्या. शुभंकराचा थकवा हा आजारच आहे, आणि वेळीच लक्ष न दिल्यास तो दोन माणसांना अंथरुणावर पाडतो. ते वाक्य त्यांनी सूचनाफलकावर कधीच लिहिले नसते. तेथे ते राहिले असते, नातेवाइकांनी पुढे पाठविले असते. वाहत्या पाण्यातच ते सोडता आले.

कुंपण हवेच

अशा खोलीचे धोकेही आहेत, आणि ते लपवून मी आपल्याला तिची शिफारस करणार नाही. आमच्या ओट्याचे काही नियम आहेत.

पहिला नियम असा की, ओट्यावर औषध सांगायचे नाही. ‘आमच्या बाबांना या गोळीने बरे वाटले’ हे वाक्य सद्भावनेचे असले, तरी दुसऱ्याच्या मूत्रपिंडाला ते भारी पडू शकते. मीही तेथे औषध लिहीत नाही. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार संदेशातून सल्ला देण्यास मुभा आहे, परंतु रुग्णाची ओळख, संमती आणि नोंद यांसह. भरल्या ओट्यावर यांतले काहीच नीट होत नाही.

दुसरा नियम तातडीचा. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, छातीत दुखणे, दम लागणे, लघवी अडणे, शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही दिसले तर ओट्यावर विचारायचे नाही. १०८ ला फोन करायचा आणि रुग्णालय गाठायचे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यातला अर्धा तास उत्तराची वाट पाहण्यात घालविणे परवडणारे नाही. हा मजकूर ओटा उघडताना दर वेळी सर्वांत वर लावला जातो.

तिसरा नियम, ओट्यावरचे ओट्यावर. कोणाचा संदेश पुढे पाठवायचा नाही, पडद्याचे छायाचित्र काढायचे नाही. संदेश आपोआप पुसले जातात म्हणून ते सुरक्षित आहेत असे समजू नये. खरे कुंपण माणसाच्या शब्दाचेच असते. आणि पैसे, बँक, ओटीपी यांविषयी कोणी काही विचारले, तर तो आपल्यातला नव्हे असे समजून ॲडमिनला कळवायचे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करायची.

चौथा नियम मला सर्वांत प्रिय आहे: हळू लिहिणाऱ्याची वाट पाहायची. एखादे आजोबा दोन ओळींना चार मिनिटे घेतात. तोवर तरुण मंडळी तीन विषय बदलून मोकळी होतात. म्हणून विषय बदलण्याआधी ‘कोणाचं राहिलंय का?’ असे विचारण्याची पद्धत पडली आहे. पंगतीत शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत बसून राहतो, तसेच हे.

आपल्या घरी, आपल्या गावी

आपल्या भजनी मंडळाचा, सोसायटीचा किंवा भावकीचा गट असेलच. त्याला असा एखादा तास जोडणे अवघड नाही. दहा-बारा माणसेही पुरतात. वेळ ठरलेली असावी, ती सेवा करणाऱ्याच्या सोयीची असावी आणि दोघांनी तरी आळीपाळीने लक्ष ठेवण्याची जबाबदारी घ्यावी. घरातील तरुणांनी आजी-आजोबांच्या मोबाईलवरील अक्षरे मोठी करून द्यावीत, बोलून लिहिण्याची सोय सुरू करून द्यावी आणि मग तेथून उठून जावे. त्यांचे बोलणे त्यांचे असू द्यावे.

ज्यांना कोणताच गट नाही, त्यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, आणि मन फार खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक. दोन्हींवर बोलण्यास पैसे पडत नाहीत.

ओटा पाराची जागा घेईल, असे मी मानत नाही. खांद्यावर ठेवलेला हात मोबाईलमधून जात नाही. परंतु ओट्यावर भेटणारी माणसे आता प्रत्यक्षही भेटू लागली आहेत. गेल्या महिन्यात त्या निवृत्त शिक्षकांना कानाचे यंत्र बसवायला नेले, ते ओट्यावरच्याच एका मुलाने. आता गुरुजींना पुष्कळसे ऐकू येते. तरीही बुधवारी तीनला पाच मिनिटे कमी असताना ते चष्मा पुसून तयार असतात.