धाब्याचें घर
धुळ्याचें आमचें धाब्याचें घर पाडून सिमेंटचें बांधावयाचें ठरलें, तेव्हां देखरेख माझ्याकडे आली. खर्च, मजूर नि मुदत सांभाळली कीं काम साधलें, असा माझा समज होता. भिंती पडल्यावर वृद्ध गवंडी म्हणाला, “भाऊ, ही माती नि ह्या सागाच्या तुळया टाकणार कुठं? अन् उन्हाळ्यात स्लॅबवर मारायला पाणी आणणार कुठून?” मी निरुत्तर झालों. ज्या पांझरेकांठीं बंधाऱ्याचें पाणी फडाफडांत पाळीनें वांटून घेण्याची शिस्त शतकानुशतकें नांदली, तिथलाच मी; पण आधीं पुसावयाचें तें मला सुचलें नव्हतें! तुळयांचीं दारें-खिडक्या झालीं, माती शेतांत गेली, काम पावसाळ्यानंतर धरलें. जाड भिंतींचा गारवा मात्र गेला तो गेलाच. वैशाखांत गच्ची तापली कीं गवंड्याचा प्रश्न पुन्हां ऐकूं येतो.