साडेसातचा होकार

मीटिंगांविषयी ऑफिसात कुरकुर असते ती त्या फार होतात म्हणून. माझी तक्रार वेगळी आहे: बोलावलेल्या माणसाचं उत्तर ई-मेलचे प्रोग्रॅम नीट ऐकत नाहीत.

मेलमधून येणारं इन्व्हाइट म्हणजे ‘आयकॅलेंडर’ नावाच्या साच्यातली एक छोटी फाइल. हा साचा १९९८ साली ठरला आणि बोलावणं-उत्तर कसं चालावं याचे नियमही तेव्हाच झाले. होकार, नकार आणि ‘अजून नक्की नाही’ यांच्या जोडीला पाहुण्याला आणखी एक वाट त्यांत ठेवली होती. ही वेळ नको, अमुक चालेल का, असं तो उलट विचारू शकत होता. ज्यांनी हे लिहिलं त्यांना माणसं कशी ठरवाठरवी करतात याची जाण होती. पण एका कंपनीच्या प्रोग्रॅममधून सुचवलेली वेळ दुसऱ्या कंपनीच्या कॅलेंडरला कळेल, याची आजही खात्री देता येत नाही. मग बोलावलेला माणूस बटण दाबून मोकळा होतो आणि खरं बोलणं फोनवर होतं.

सगळ्यात जास्त त्रास मार्चमध्ये. अमेरिका २००७पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी; आपलं घड्याळ वर्षभर तिथंच. न्यूयॉर्कची सकाळी नऊची मीटिंग पुण्यात साडेसातऐवजी साडेसहाला येऊन बसते. लंडनचे लोकही दोन-तीन आठवडे असेच गोंधळतात, पण त्यांचं गाडं लवकर रुळावर येतं. इथल्या आईला मात्र साडेसहाला पाळणाघर गाठायचं असतं आणि हा पेच नोव्हेंबरपर्यंत सुटत नाही. नवं इन्व्हाइट कुणी पाठवत नाही, कारण पाठवणाऱ्याची वेळ नऊच असते. यादीत तिच्या नावापुढे जानेवारीतला होकार तसाच दिसतो. तो साडेसातला दिला होता! साडेसहाबद्दल तिला कुणी विचारलेलंच नाही, आणि गैरहजर राहिली तर शब्द मोडल्याचा ठपका तिच्यावर.

पाठवणाऱ्यानं स्वतः वेळ बदलली, तर प्रोग्रॅम सगळ्यांना पुन्हा विचारू शकतो. मग घड्याळामुळे बदलली तरी विचारावं. कुणाचं घड्याळ कधी सरकणार हे त्याला आधीच माहीत असतं. त्याशिवाय मीटिंग साडेसहाला सरकलीच नसती.